खाडीच्या तोंडाशी थांबवलेली होडी

खसब, ओमान, १३ नोव्हेंबर १९९९

प्रिय देवेश,

फोनवर मी तुटक बोलले असं तुला वाटलं असेल. सलालाहला नारळाच्या बागा आहेत, रस्त्याकडेला शहाळी मिळतात, कंपनीने दोन खोल्यांचं घर दिलंय, बदलीचा अर्ज टाक आणि ये, हे सगळं तू एका दमात सांगितलंस आणि मला कशालाच धड हो म्हणता येईना. दिवाळीत दारात पणती लावली, ती वाऱ्याने विझली, पुन्हा लावली नाही. घरात बसवत नाही बघ. दवाखान्यातली ड्यूटी संपली की धक्क्यावर जाते, होड्या बघते, परत येते. चहा करते आणि प्यायचा विसरते.

मिराबला परवा जाऊन आले. तू ते गाव नेहमी समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीतूनच पाहिलंस. कड्याला चिकटलेली दगडी घरं, मागे जायला रस्ता नाही, पुढे समुद्र. त्यांची भाषा त्यांच्याखेरीज कुणाला येत नाही. अरबी बोलताना ती माणसं माझ्याइतकीच अडखळतात. म्हणूनच जमलं असेल आमचं. पहिल्यांदा लसी घेऊन गेले तेव्हा वजीराने मला उंबऱ्यातच उभं केलं होतं. गावातली सगळी बाळंतपणं तिच्या हातची, तिला माझी काय गरज? मग माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, तुझ्या गावाला समुद्र आहे का? वेंगुर्ल्याचं सांगितल्यावर तिने भात आणि सुकी मासळी पुढे ठेवली. तेव्हापासून मी तिची ‘बिन्ती’, तिची लेक.

तुमची खडीची खाण आली तेव्हा गाव दोन्हीकडून बोलायचं, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. तरण्या पोरांना क्रशरवर काम मिळालं, घरात फ्रीज आले, तक्रार नव्हती. पण सुरुंग फुटायला लागले तशी विहीर खारट झाली आणि पाणी बार्जने आणावं लागलं. कंपनी म्हणाली, खसबला घरं देतो, गाव सोडा. वजीराच्या मुलालाही जायचं होतं. त्याची बायको दिलशाद पोटुशी होती, त्याला दवाखान्याजवळ राहायचं होतं. वजीरा मात्र हलायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, आज गाव सोडलं तर दोन पिढ्यांत आमची भाषा समुद्राला सांगायची वेळ येईल.

त्या सप्टेंबरातल्या सकाळी मी मिराबलाच होते. दिलशादच्या कळा आदल्या संध्याकाळपासून चालू होत्या. वजीराने मला आत बोलावलं आणि बाजूला सरली. मूल आडवं होतं, एक हात बाहेर आला होता. तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं, माझ्याही नाही. ऑपरेशनच लागणार होतं. आम्ही दिलशादला चादरीत उचलून तिच्या नवऱ्याच्या होडीत घातलं. खाडीच्या तोंडाशी तुमची पहाऱ्याची बोट आडवी आली. सुरुंग भरलेत, वाट बंद. मी त्या माणसाच्या हातातून वायरलेस घेतला आणि हिंदीत सांगितलं की पेशंट आहे, दहा मिनिटांसाठी थांबा, आम्हाला जाऊ द्या. पलीकडून आवाज आला आणि माझी हिंदी संपली.

मी मराठीत म्हटलं, “देवेश, मी सुगंधा. बाई मरेल इथे.”

तू म्हणालास, “खडी न्यायला जहाज लागलंय, सुगंधा. आता सुरुंग थांबवले तर माझी नोकरी जाईल. पंधरा मिनिटं दे मला.”

त्यानंतर तू वायरलेस उचलला नाहीस. पंधरा मिनिटांचा तास झाला. होडीत सावली नव्हती. वजीरा सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर पाणी शिंपडत होती. डोंगर फुटला तेव्हा होडी खालून कुणी ढकलल्यासारखी हलली, आणि दिलशाद ओरडलीसुद्धा नाही. खसबला पोहोचलो तेव्हा बाळ गेलेलं होतं. तिची गर्भपिशवी काढावी लागली. ती जगली. वेळेवर आलो असतो तर बाळ वाचलं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मीही तुला तेच सांगते, उगाच वाढवून सांगत नाही.

त्या रात्री तू घरी आलास, जेवलास, आणि त्या बाईचं काय झालं ते विचारलं नाहीस. मीही बोलले नाही. आठवडाभरात तुला बढती मिळाली आणि तू सलालाहला गेलास. भरलेल्या सुरुंगांजवळून होडी सोडणं धोक्याचं होतं, हे मला कळतं. पण वात तुझ्या हुकमाची वाट बघत होती, आणि जहाज एक दिवस उभं राहिलं असतं तर कुणी मेलं नसतं. हे मी तुझ्या बाजूने कितीदा तरी मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी इथेच येऊन अडकते.

वजीराच्या मुलाने वालीकडे, इथल्या मुख्य सरकारी अधिकाऱ्याकडे, तक्रार केली आहे. आता तो खसबचं घर मागत नाही. खाडीची वाट कधीही बंद करू नये, एवढंच मागतो. कंपनीने कळवलंय की त्या दिवशी कुठलीही होडी आलीच नव्हती. बोटीवरच्या माणसानेही तेच सांगितलं. गावकऱ्यांचा शब्द कंपनीपुढे टिकणार नाही. उरले मी. वजीराने मला बोल म्हणून सांगितलेलं नाही. वायरलेसवर माझा नवरा होता हे तिला ठाऊक आहे. मराठी कळत नसली तरी मी तुझं नाव घेतलेलं तिने ऐकलं. परवा तिने मला जेवायला वाढलं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी वालीच्या कचेरीत सुनावणी आहे. मी जाणार आहे. होडी आली होती, मी तिच्यात होते आणि वायरलेसवर तू होतास, हे मी नावानिशी सांगणार आहे. मग कदाचित तुझी नोकरी जाईल, दोघांनाही भारतात परत जावं लागेल. मधु सिस्टर उद्याच्या विमानाने निघून सलालाहला बहिणीकडे येतेय, तिच्या हाती हे देते आहे, कारण तुला हे कंपनीच्या माणसाकडून कळू नये. तू स्वतः येऊन माझ्याआधी बोललास तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही. आदल्या दिवशीच्या विमानाला मी विमानतळावर उभी असेन. तू त्यातून उतरला नाहीस, तरी सोमवारी मी बोलेन.

अजूनही तुझीच,
सुगंधा