भिंतीवरचं निळं दार

तीर्थरूप मामांना, शिडीवरून खाली उतरून भाचीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि मामींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. मी ठीक. (नखांतला निळा रंग सोडला तर.)

तुम्ही बजावलं होतंत, पाट्या रंगव, पोट भर, नसत्या भानगडीत पडू नकोस. मी पडले नाही हो. बाजारात चक्कर येऊन पडल्या त्या फुलवाल्या मावशी. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलं. पडणारच! अख्ख्या बाजारात बायकांसाठी संडास नाही, म्हणून मावशी (आणि तिथल्या सगळ्याच) दिवसभर घोटभर पाणी पीत नाहीत. अर्ज करून करून बायका थकल्या. बाजार कचेरीच्या साहेबांचं एकच पालुपद, जागा नाही.

मला अर्ज लिहिता येत नाही, रंगवता येतं. सुट्टीच्या दिवशी बाजारातल्या एका कोऱ्या भिंतीवर मी दार रंगवलं. निळं, कडीकोयंड्यासकट, वर पाटी ‘महिलांसाठी’. (आपल्या तोंडाने सांगू नये, पण कडी अशी वठली की मीच एकदा ओढून पाहिली.) दुसऱ्या दिवशी बायका जाणूनबुजून त्या दारापुढे रांग लावून उभ्या राहिल्या. साहेब बघायला आले, ते नेमके बायकोला खरेदीला घेऊन. बाईसाहेब लांबच्या प्रवासातून आलेल्या, भलत्याच घाईत. “जरा पुढे जाऊ द्या हो,” म्हणत थेट दारावर धडकल्या.

कोणी हसलं नाही, मामा. मावशींनी त्यांना सावरलं आणि म्हणाल्या, “आम्ही रोजच धडकतो, बाई.”

बाईसाहेबांनी साहेबांपुढे नुसता हात पसरला. साहेबांनी कचेरीतल्या आपल्या खास संडासाची किल्ली मुकाट्याने काढून दिली. ती त्यांना परत मिळालेली नाही. मावशींच्या कमरेला असते. आता साहेब रांगेत उभे राहतात, आणि बायका वयाचा मान ठेवून त्यांना पुढे सोडतात. मावशी पाणी पितात. मी डोळ्यांनी पाहिलं, पेला भरून.

बाकी क्षेम. लोभ वाढला नाही तरी आटू देऊ नका.

तुमची भाची

ता. क. ती कोरी भिंत तुमच्या बंद पडलेल्या दुकानाची. दुसरी कुठली माझ्या मापाची नव्हती.

आणखी ता. क. साहेब म्हणतात, नळ देतो, गटाराची जोडणी देतो, जागा तुम्ही दाखवा. मी दुकानाची मागची खोली दाखवली. मालकाची सही लागेल.

शेवटचा ता. क. दुकान मामींच्या नावावर आहे, हे तुम्ही विसरला असाल. त्या विसरल्या नव्हत्या. सही झाली, गवंडी कालपासून भिंत फोडतोय. उद्घाटन मावशी करतील. तुम्ही फक्त हसऱ्या चेहऱ्याने या, एवढीच विनंती.