चाळीस रियालांचे घड्याळ

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, तुफूल बिन्त सुहैल, मरहूम बखीत बिन मुसल्लम यांची विधवा, वय त्रेसष्ट, शिक्षण शालान्त, काम घर सांभाळणे, राहणार किल्ल्यामागची जुनी आळी, मिरबात, प्रांत धोफर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अल्लाह एक आहे आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, अशी आधी साक्ष देते. येत्या रविवारी सलालाच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. बिघडली आहे ती झडप. डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घातलेच असेल तर माझे दीर मुस्तहील बिन मुसल्लम यांनी, आणि तेही नकळत. परवा इस्पितळाची बोलणी चालली असताना ते म्हणाले, "वहिनी, आत नेण्याआधी हातातलं सगळं काढायला लावतात. घड्याळ माझ्याकडे द्या. मी सांभाळतो."

त्या वाक्यासरशी मी उठले आणि कागद घेऊन आले.

१. मयतीचा खर्च साधा असावा. कफन माझ्या पेटीत तळाशी आहे, धुऊन ठेवलेले. कोणी नवे विकत आणू नये. मला कोणाचे काही देणे नाही. तरी कोणी दारात येऊन मागू लागला, तर त्याला आधी खजूर आणि कॉफी द्यावी, मग पुरावा विचारावा.

२. घर, बचत खाते आणि सईदच्या बोटीतील माझा भाग माझ्या दोन मुलांकडे, आमर व सईद यांच्याकडे, शरियतने जसा जायचा तसा जाईल. तिथे मी माझे शहाणपण चालवत नाही. जे वारस नाहीत त्यांना एक तृतीयांशाच्या आत जे देता येते, तेवढ्यापुरतीच पुढील कलमे आहेत.

३. लोबानाची पेटी आणि मातीची धूपदाणी सईदची बायको शम्मा हिला द्यावी. तिने कधी मागितली नाही, म्हणून.

४. तांब्याचे मोठे पातेले शेजारीण जमीला हिला द्यावे. तीन रमजान ते तिच्याच घरी आहे. आता परत करायचे राहिले, ही तिची टोचणी तरी जाईल.

५. आता घड्याळ.

सदर घड्याळ पाण्यात बुडी मारणाऱ्यांचे असून टायटॅनियम धातूचे आहे. रंग तारलीच्या पाठीसारखा करडा. तबकडीभोवती फिरते कडे आहे, ते एकाच बाजूला फिरते, उलटे फिरत नाही. बाजूला एक बारीक झाकण आहे. खोल समुद्रात फार दिवस राहणाऱ्यांसाठी असते म्हणतात. त्याचा उपयोग आमच्या घरात कोणाला झाला नाही.

माझे पती सलालाच्या बंदरात पाणबुडे होते. जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. नोकरी संपली त्या आठवड्यात ते हे घड्याळ घालून घरी आले.

"केवढ्याला?" मी विचारले.

"चाळीस."

"चाळीस रियाल! भिंतीवरचं काय वाईट वेळ दाखवतं?"

"भिंत पाण्यात नेता येत नाही, आमरची आई."

त्या चाळीस रियालांवरून मी त्यांना महिनाभर खाऊ दिले नाही, म्हणजे दिले, पण प्रत्येक घासाबरोबर ऐकवले. अर्धी बकरी आली असती, दाराला रंग लागला असता, पत्र्याखाली पंखा आला असता. पुरुषाला सोने निषिद्ध, रेशीम निषिद्ध. जन्मभर त्यांनी हौसेचे म्हणून हे एकच काही घेतले, हे मला दिसत होते. तरी मी बोलले. मला हिशेबाची सवय आहे आणि त्यात मी काही गैर मानत नाही.

घड्याळ त्यांनी हातातून कधी काढले नाही. नमाजाआधी हातपाय धुताना, वजूच्या वेळी, सैल करून वर सरकवायचे, खालून पाणी घ्यायचे, पुन्हा खाली. सुफैलाच्या हंगामात, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून बसणारे ते मोठे शिंपले काढायला सरकार थोडे दिवस परवानगी देते तेव्हा, ते हडबीनच्या खडकांत उतरत. एकदा हात कपारीत अडकला. वर आले तेव्हा घड्याळावर तबकडीच्या कडेपासून पट्ट्यापर्यंत लांब ओरखडा होता. "मनगटाच्या वाटणीचं ह्याने घेतलं," म्हणाले. पट्ट्याच्या एका कडीला खोच पडली होती ती आमच्याच स्वयंपाकघरात. रमजानमध्ये मला ताप होता, तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथम आणि शेवटचे खलबत्त्यात वेलची कुटली. बत्ता वेलचीवर कमी आणि स्वतःच्या हातावर जास्त मारला. ती कॉफी मी प्याले. ती कडू होती हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

ते गेल्यावर काझींचे कारकून मालमत्तेची यादी करायला आले. घड्याळाची किंमत विचारली. मी शपथेवर सांगितले, नवे चाळीसला आणले होते. मुस्तहीलभाऊजींनी ते तळहातावर ठेवून झुलवले. आमच्याकडे भाव असाच करतात. मासा असो, चांदी असो, आधी हाताला विचारायचे.

"पत्रा आहे," ते म्हणाले. "चांगली वस्तू हाताला खाली ओढते. हे हातात आहे की नाही तेही कळत नाही. वीस धरा."

वीस धरले. पत्नीचा आठवा हिस्सा असतो, त्यात ते माझ्याकडे आले. हे सर्वांसमक्ष झाले. दुसऱ्याच दिवशी भाऊजी दारात.

"वहिनी, इद्दतीत, शोकाच्या दिवसांत, अंगावर दागिना नको."

"भाऊजी, कालच तर पत्रा म्हणालात."

"पत्र्याचा झाला तरी दागिनाच. माझ्याकडे राहू दे, चार महिने दहा दिवस संपले की आणून देतो."

धर्माचे नाव घेतले की मी पुढे बोलत नाही, हे ते चाळीस वर्षे ओळखून आहेत. काढून दिले.

इद्दत संपली आणि ते खरोखरच घड्याळ घेऊन आले. नव्या डबीत. बाहेर गाडीत एक अनोळखी माणूस बसलेला. भाऊजींचे मनगट बारीक, म्हणून पट्ट्याच्या दोन कड्या काढून ते खुशाल स्वतःच घालून हिंडत होते. बोटीचे इंजिन घ्यायला सलालाला गेले, तिथे घड्याळाच्या दुकानाचा मालक त्यांच्या हाताकडे पाहून खुर्चीतून उठला. नवे सतराशे रियालांना मिळते म्हणाला. मग भाऊजींनी ते त्याच्याकडून घासून, चकाकी देऊन घेतले आणि गिऱ्हाईकच सोबत आणले.

मी डबी उघडली. आत चमच्यासारखे काहीतरी चकाकत होते.

"नव्यासारखं करून आणलं, वहिनी. एक ओरखडा दाखवा!"

"तोच शोधते आहे."

हडबीन नाही, रमजान नाही, काही नाही. माझ्या नवऱ्याला कबरीत ठेवले तेव्हा मी धीर धरला होता, कारण ते अल्लाहने नेले. हे कोणी नेले? एका पुसणाऱ्याने, पंधरा रियाल घेऊन. आणि ते पंधरा भाऊजींनी माझ्याकडे मागितले. मी त्या गिऱ्हाइकाला कॉफी पाठवली, कारण तो दारात आला होता, आणि दार लावून घेतले.

दुसरा संताप त्याहून मोठा. सतराशे! म्हणजे मी अल्लाहला स्मरून जी किंमत सांगितली ती खोटी होती. नवऱ्याने घरातल्या कटकटीला भिऊन थाप मारली आणि मला काझींसमोर खोटे ठरवून निघून गेला. मी सकाळीच मुलांना घेऊन काझींकडे गेले, भाऊजीही मागोमाग आले. ते म्हणाले, "आमरची आई, नकळत झालं, तुमच्यावर पाप नाही. पण मुलांच्या वाट्यात फरक पडतो." मी लग्नात मेहेर म्हणून मिळालेल्या सोन्याच्या बांगड्या काढून समोर ठेवल्या. सईद म्हणाला, "आई, राहू दे गं." आमरने फोनवर सोन्याचा भाव पाहिला. त्याच्यावर मी रागावत नाही. ती सवय माझ्याकडूनच गेली आहे. दोघांनी बांगड्या घेऊन भरपाई पोचल्याची सही दिली. तो कागद सोबत जोडला आहे. म्हणून पुन्हा लिहिते: सदर घड्याळ पूर्णपणे माझे आहे.

"आणि माझं काय?" भाऊजींनी तिथेच विचारले.

"भावाला मुलगे असताना तुमचा वाटा कुठून येणार?" असे काझी म्हणाले. तेवढा आनंद मी कुराणाची शिकवण सांभाळून, तोंड फिरवून घेतला.

तेव्हापासून मी ते घालते. बायका हसल्या. जमीला म्हणाली, "तुफूल, बुडी कुठं मारतेस? पातेल्यात?" मी म्हटले, "माझं पातेलं परत येऊ दे, मग दाखवते." चांदीने माझ्या मनगटाला खाज येते, ह्याने येत नाही. थंडीत ते थंड लागत नाही. झोपेत हातावर आहे हे कळत नाही, पहाटेच्या नमाजाला उठताना काटे हिरवे दिसतात. भात चढवला की कडे फिरवते, आता माझा भात लागत नाही. मी त्याच हाताने माशांची खवले काढली, पातेली घासली, जाळी ओढली. टायटॅनियमला ओरखडा लवकर पडतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. फार चांगला गुण आहे.

आमर सुट्टीवर आला की माझ्या हाताकडे पाहून कपाळाला हात लावतो. "आई, एकेका ओरखड्याने किंमत उतरते! बँकेच्या पेटीत ठेवू."

"बापाचे पुसले तेव्हा चढली होती ना? घे, उतरू दे आता."

गेल्या वर्षी सईद त्याच्या काकांची, म्हणजे भाऊजींची, बोट धूत होता. त्याला हत्यारांच्या डब्यात, गळ आणि गंजलेल्या खिळ्यांमध्ये, त्या दोन कड्या सापडल्या. घासायला देण्याआधी भाऊजींनी काढून फेकल्या होत्या. एकीवर बत्त्याची खोच. दुसरीवर हडबीनच्या ओरखड्याचे शेपूट. सईदने त्या माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि मी पाणी मागितले. आता त्या पट्ट्यात आहेत. त्यांच्यासाठी दोन चकचकीत कड्या काढल्या.

६. सदर घड्याळ मी सईदची मुलगी थमना, वय एकोणीस, हिला देत आहे. तिचा बाप हयात असल्याने ती माझी वारस नाही, आणि किंमत एक तृतीयांशाच्या आत आहे. म्हणून आमरने वकील करू नये, फी वाया जाईल. भाऊजी म्हणतात, "मुलीच्या जातीला पाणबुड्याचं घड्याळ कशाला?" गेल्या हंगामात ही मुलगी हडबीनला उतरली होती, आजोबांच्याच कपारीत. भाऊजी तेव्हा किनाऱ्यावर गाडीत एसी लावून बसले होते.

अटी चार. घड्याळ कधीही घासायला देऊ नये. पेटीत कुलूपबंद ठेवू नये. हंगामात ते पाण्यात असले पाहिजे. आणि वजूच्या वेळी सैल करावे, खाली त्वचा कोरडी राहू नये.

रविवारी इस्पितळाच्या दारात मी ते स्वतः काढून थमनाच्या हातात देईन, दुसऱ्या कोणाच्याही नाही. मी बाहेर आले तर तिने परत द्यावे. मला अजून भात शिजवायचा आहे.

७. काढलेल्या दोन चकचकीत कड्या, तसेच घड्याळासोबत डबीत आलेले पुसायचे मऊ फडके, मुस्तहीलभाऊजींना द्यावे. त्यांनी आभार मानण्याची गरज नाही.

८. माझ्याकडून ज्यांचे मन दुखावले असेल त्यांनी मला माफ करावे. मीही सर्वांना माफ केले आहे. भाऊजींनाही, कारण न करता गेले तर तिथे उत्तर द्यावे लागेल. मरहूम पतींना बाकी सर्व माफ आहे. चाळीस रियालांची थाप तेवढी शिल्लक ठेवली आहे. ती समोर बसवून विचारायची आहे.

थमना, किनाऱ्यावर लोक तुझ्या हाताकडे बघून किंमत विचारतील. खोटे बोलू नकोस. "आजोबांनी आजीला चाळीस सांगितली होती," एवढेच म्हण. ते खरे आहे.

वाचून, समजून, सही केली.

तुफूल बिन्त सुहैल

साक्षीदार:
१. मुबारक बिन अहाद, आळीच्या मशिदीचे इमाम
२. सालिम बिन आमिर, मी शिकले त्या संध्याकाळच्या वर्गाचे निवृत्त शिक्षक. मजकूर तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मिरबात, गुरुवार, १३ रजब १४४५ (२५ जानेवारी २०२४)