डावं मडगार्ड

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर गाडीचा विषय काढला की तुझं दूध तरी उतू जातं नाहीतर दारावर कोणीतरी येतं, म्हणून हे पत्र. बाबांची लाल, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्सकार मी शेडमधून बाहेर काढली आहे. सीटमध्ये उंदरांचा तीन पिढ्यांचा संसार निघाला. इंजिन सुरू होतंय, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पार जळला आहे आणि त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. म्हणून त्याच्या जागी हाताने बदलायचा, पाच गिअरचा बॉक्स बसवायचं ठरवलं. हे काम जमणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आपले काका.

हो, तेच काका. सव्वीस वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेलेली ही गाडी त्यांनी परत आणली तेव्हा डावं मडगार्ड फुटलेलं होतं. बाबांनी त्यांना खोटारडा म्हटलं आणि भाऊ भावाला मुकला. मी तेव्हा आठ वर्षांचा, मला फक्त आरडाओरडा आठवतो. बाबा गेले तेव्हाही काका आले नाहीत.

मी गॅरेजात गेलो तर ते एका जीपखाली होते, नुसते पाय बाहेर. माझं सगळं बोलणं त्या पायांशी झालं. शेवटी त्यांनी काम घेतलं, पण एका अटीवर. डावं मडगार्ड त्यांच्यासमोरच उघडायचं, तोवर हात लावायचा नाही. त्यांचं म्हणणं, तिथे आधीच कोणीतरी ठिगळ लावलेलं होतं आणि आपण गाडी कुठेही ठोकली नाही. बाबांनी नंतर वरून फायबर चढवून घेतलं, पण खालचं ठिगळ खाली असणारच. ते बघितल्याशिवाय मरायचं नाही असं म्हणाले.

भाचरांना पापे. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. १५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आलं आणि मग काळजी वाटली. ज्याने स्वतःची सायकल कधी पुसली नाही तो मोटार नवी करायला निघालाय. गाडी विकायचा बेत नाही ना? असेल तर सरळ सांग, आडपडदा नको.

काकांचं मात्र मला काही खरं दिसत नाही. सव्वीस वर्षं तोंड न दाखवणारा माणूस एका भेटीत तयार होतो, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार. हाताला कसब आहे, पण पोटात काय आहे ते कोणाला कळू देत नाहीत. ते आले की शेडमध्ये थांब, आणि जुना गिअरबॉक्स कुठे जातो त्यावर डोळा ठेव.

आणि ते मडगार्ड उकरू नकोस. फायबरची धूळ छातीत बसते, तुला लहानपणी दम लागायचा. वरून चांगला रंग मार, कोणाला पत्ताही लागणार नाही. बाबा गेले, आता त्यांची भांडणं कशाला उगाळायची?

तब्येतीला जप आणि ताईचं एक तरी ऐक.

तुझी,
ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दम तुला लागायचा, मला नाही. तुझ्या औषधाची गोड बाटली मी चोरून प्यायचो, म्हणून पक्कं आठवतं.

जुना गिअरबॉक्स शेडमध्येच आहे, काकांनी स्वतः गोणपाटात गुंडाळून ठेवला. नवा बसवायला त्यांनी दोन सीटमधला, गिअरबॉक्सवरचा बोगदा चार बोटं कापून रुंद केला, क्लचचं पेडल बसवलं, लेथवाल्याकडून शाफ्ट आखूड करून आणला. एक बोल्ट इकडचा तिकडे झालेला नाही. मी मात्र तुझ्या सांगण्यावरून स्टुलावर बसून त्यांच्यावर पहारा केला. त्यांना ते कळलं. बॅटरी माझ्या हातात देऊन म्हणाले, बसलाच आहेस तर उजेड तरी धर. मला फार लाज वाटली.

मग डोक्यात किडा शिरला. गाडीशी तुला कधी देणंघेणं नव्हतं, मग त्या एका मडगार्डाची एवढी काळजी का? काका कामासाठी बाहेरगावी गेले आहेत, अकरा तारखेला येतील. काल मी त्यांना दिलेला शब्द मोडला आणि एकट्याने पॉलिश पेपर चालवला. वरची फायबरची मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचा थर, बाबांनी करवून घेतलेली, नीट आणि पांढरी. तिच्याखाली मॅट नव्हतीच. रेझिनमध्ये, म्हणजे फायबर चिकटवायच्या रसायनात, बुडवलेलं कापड होतं. पिवळं, त्यावर निळी पानं.

तुकडा सोबत पाठवतोय. आंधळी कोशिंबीर खेळताना तू हीच ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधायचीस. एक दिवस ती हरवली म्हणालीस आणि मला रुमालावर राज्य घ्यावं लागलं.

काका येण्याआधी हे पुन्हा बुजवणं मला अवघड नाही. तू सांगितलंस तर कदाचित बुजवीनही, याचीच मला भीती वाटते. तेव्हा काय सांगायचं ते विचार करून सांग.

धाकटा

ता. ७ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी सव्वीस वर्षं उशिरा लिहिते आहे. मडगार्ड मी फोडलं. बाबा दुपारचे झोपले होते, मी किल्ली घेतली, छापखान्याच्या वळणापर्यंत गेले आणि परत येताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली. बाबांना पाण्याची टाकी रेझिनने सांधताना पाहिलं होतं, ते वाटलं सोपं. मॅट सापडली नाही म्हणून ओढणी कापली, वर उरलेला लाल रंग लावला. आठ दिवस कोणाला कळलं नाही. नवव्या दिवशी तुम्ही गाडी नेलीत आणि रस्त्यात ते फुटलं.

बाबा तुम्हाला बोलत होते तेव्हा मी दाराआड उभी होते. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत, आणि मग रोजच उद्या होत गेलं. आता धाकट्याने तुम्हाला बोलावलं तर मी त्याला तुमच्यावरच नजर ठेवायला लिहिलं. चोर मी आणि पहारा तुमच्यावर बसवला.

मडगार्ड तसंच उघडं ठेवायला त्याला सांगितलं आहे. आशीर्वाद मागायचं धाडस नाही.

तुमची पुतणी

ता. १९ फेब्रुवारी

चि. पुतणीस आशीर्वाद.

कापड पाहिलं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी घातला होतास, म्हणून टिकलं नाही. हात मात्र बरा होता.

मी ठोकली नाही हे मला माहीतच होतं, त्यासाठी मला कापडाची गरज नव्हती. मला ते ठिगळ दादाचं, तुझ्या बाबांचं, आहे हे पाहायचं होतं. इतकी वर्षं मी धरून चाललो की गाडी त्यानेच फोडली, त्यानेच ठिगळ लावलं आणि नाव माझ्यावर यावं म्हणून मला ती आपणहून चालवायला दिली. तो आजारी असताना त्याने दोनदा निरोप पाठवला. मी गेलो नाही. मला वाटलं, मरताना तरी खरं बोलायचं असेल तर चिठ्ठीत लिहील.

त्याच्याकडे लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. तो खरंच समजत होता की मी फोडली. आम्ही दोघेही खरं बोलत होतो.

माफ केलं असं लिहायला तीनदा बसलो, हातून लिहिलं जात नाही. तू एकोणीस वर्षांची होतीस हे मला समजतं. पण नंतर तू तीस वर्षांची झालीस, चाळीसचीही झालीस.

गिअरबॉक्स बसला, गाडी चालते. पहिल्यांदा कुठे न्यायची असं धाकट्याने विचारलं. मी त्याला म्हटलं, दादाकडे न्यायची होती.

तू एकदा ये. जे बोलायचं ते तोंडावर बोलेन. लोभ पूर्वी होता तेवढाच आहे, पण आत्ता मागू नकोस.

काका