मागची सीट

मुलुंड, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सुयोग यास,
अनुपमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. दर्शना इथे बरी आहे. घोट्यात प्लेट घातली आहे. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. तिला मरोळला कधी पाठवतेस, असं तू रोज विचारतोस. तिची अट तुला ठाऊक आहे: आधी गाडी नीट चालवायला शीक. बायकोने एवढंच मागावं आणि नवऱ्याला त्यात अपमान वाटावा?

आरेच्या वळणावर रेती होती म्हणून मोटारसायकल घसरली, हे तुझं सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय. रेती होतीच. पण त्याच रेतीवरून दिवसभर स्कूटरवाले जात होते. दर्शना सांगते, वळणात तू घाबरलास आणि पुढचा ब्रेक आवळलास. तो ब्रेक तू नुकताच बदलून घेतला होतास, आधीच्यापेक्षा जोरकस. ब्रेकचा जोर वाढला, हात तोच राहिला.

माझा जुना विद्यार्थी हर्षद मोटारसायकल चालवायला शिकवतो. त्याच्याकडे तुझं नाव घातलंय. रविवारी जा. माझ्यावर माया असेल तर कारणं सांगू नकोस.

अनुपमाआत्या

मरोळ, १८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

गेलो होतो. तुझ्या हर्षदने मला माझी गाडी चालवूच दिली नाही. शंभर सीसीची खटारा गाडी दिली आणि म्हणाला, प्लॅस्टिकच्या शंकूंमधून चालण्याच्या वेगाने फिरव, पाय टेकू नकोस. बारा वर्षं गाडी चालवतोय मी, आत्या. कॉलेजची पोरं बघून हसत होती. जेवणाआधीच निघालो. शंकू पाडले हे त्याने तुला कळवलं असेलच. त्या गाडीचं हँडलच वाकडं होतं.

मी माझ्या परीने केलंय ना. टायर बदलले, सस्पेन्शन नवं टाकलं. गाडी आता झकास वळते. आणि दर्शनाची भीतीही मिटवली. मागची सीटच काढून टाकली, तिथे कव्हर बसवलं. आता ती एकट्याची गाडी. तिला बसायचाच प्रश्न नाही. रविवारी रिक्षा घेऊन तिला न्यायला येतो. बिल्डिंगमध्ये लोक विचारतात यार, काय सांगू? तू जरा समजव तिला.

राग असला तरी लोभही असू दे.

सुयोग

मुलुंड, २० नोव्हेंबर

चि. सुयोग यास आशीर्वाद.

तुझं पत्र दर्शनाने वाचलं, मग घडी घालून माझ्या हातात दिलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, मी पडले ते होऊन गेलं, आत्या. आता तो एकटाच गाडीवरून पडेल, त्याची भीती होती मला. अट त्यासाठीच घातली होती.

हे तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं.

रोज संध्याकाळी दाराची बेल वाजेपर्यंत जीव मुठीत धरून बसायला ती मरोळला येणार नाही. हा तिचा निर्णय आहे, आणि तो मला पटला आहे. रविवारी रिक्षा आणू नकोस. बिल्डिंगमध्ये जे खरं आहे ते सांग.

पत्राच्या शेवटी, गाडी जपून चालव, असं लिहायला हात गेला होता. ते तुला येत नाही, म्हणून लिहीत नाही.

अनुपमाआत्या