आपोआप पेटणाऱ्या चिंध्या

५ एप्रिल १९४३, सोमवार. उमरगा.
आजपासून रोज लिहिणार. कारण असं: या घरात आठ दिवसांत दोनदा कुणी काडी न लावता आग लागली, आणि शिवम्मा भानामती करते असं सगळे म्हणू लागले. या गावात बी.एस्सी. झालेली मी एकटी. पुण्यात शिकले त्याला पंचवीस वर्षं झाली, पण डोक्यात सगळं जसंच्या तसं आहे. नोंद मीच ठेवायला हवी.
वस्तुस्थिती. पुढच्या सोप्यात माझी मुलींची शाळा, लागूनच माझी राहायची खोली. मागे घरमालक सिद्रामप्पा तेलवाले आणि त्यांची बायको नागम्मा. शिवम्मा ही सिद्रामप्पांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको, शाळेत झाडलोट करते. पहिली आग शाळेतल्या लाकडी पेटीत, दुसरी मागच्या कोठीतल्या कणगीत. दोन्ही भर दुपारी. दोन्ही वेळी थोडं आधी शिवम्मा तिथं जाऊन आली होती.
सतरा तारखेला, शनिवारी, मांत्रिक येणार. भानामती करणारीचे तो दात पाडतो, म्हणजे तिला मंत्र नीट म्हणता येत नाही. त्याआधी खरं कारण सिद्ध करायचं. बारा दिवस आहेत. भरपूर झाले.

६ एप्रिल, दुपारी ४.
कारण सापडलं. जवसाचं उकळलेलं तेल. वीस तारखेला शाळेचा मुआयना, म्हणजे सरकारी तपासणी, म्हणून बाकं आणि दारं मी याच तेलानं पुसून घेते आहे. या तेलात ऑलिफीन जातीच्या संयुगांसारखे डबल बॉन्ड असतात, म्हणजे दोन कार्बनमध्ये दुहेरी पकड. खोबरेलात ते जवळजवळ नसतात, म्हणून खोबरेल वर्षभर तसंच राहतं आणि जवसाचं तेल लाकडावर वाळून काचेसारखं होतं. डबल बॉन्डमधली दुसरी पकड कच्ची. हवेतला ऑक्सिजन तिला सोडवून स्वतः चिकटतो, आणि उष्णता निघते. तेलाची चिंधी पसरलेली असली तर ती उष्णता उडून जाते. चिंध्या कोंबून ठेवल्या तर आतल्या आत साठत जाते. बाहेर १०६ डिग्री असताना पुढचं सांगायला नको.
प्रश्न एकच उरला. चिंध्या कोंबल्या कुणी? जळक्या पेटीत घड्या अजून ओळखू येतात. शिस्तीच्या हाताचं काम आहे. शिवम्मावर मला संशय नाही. चिंधी नजरेला पडता कामा नये, घडी घाल, दाबून बसव, झाकण लाव, हे तिला मीच शिकवलं आहे. पेटी जळाल्यावर कणगीत ठेव, हेही मीच सांगितलं. ती गबाळेपणा करणार नाही.
शोध चालू.

७ एप्रिल.
सिद्रामप्पांना समजावलं. सोपं करून सांगितलं: दोन कार्बन एकमेकांचे दोन्ही हात धरून फुगडीला उभे. तिसरा आला की एक हात सुटतो आणि त्याला धरतो. त्या झटापटीत आग.
सिद्रामप्पांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून सोडवून पाहिली. मग म्हणाले, बाई, म्हंजी घरात तिसरं कुणी आलं की पेटतंय. नागम्मा आतून म्हणाली, मी दुसरं काय म्हणत हुते? दोघं हुतो तवा कधी धूर न्हाय झाला.
दाखला चुकला. विषय अचूक होता. प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचा. संकल्प.

९ एप्रिल, शुक्रवार. इथल्या संस्थानात आठवड्याची सुट्टी.
शिवम्माला आता गोठ्यात निजवतात. घरात कशाला हात लावू देत नाहीत. ती अंगणात उकिडवी बसून माझ्या खोलीकडे बघत असते. बोलावलं. म्हणाली, बाई, तुमी सांगितलं तसंच केलं म्या. दोनदा म्हणाली. डबल बॉन्ड पुन्हा समजावून सांगितला. ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली. बुद्धी बेताची आहे.
माझ्या खोलीत तेलाचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवूनही येतो. कोपऱ्यातल्या माझ्या लाकडी पेटीचं झाकण कुणी हळूच उचलून ठेवल्यासारखा आवाज झाला. लाकूड तापलं की वाजतं. आज चार वेळा वाजलं.
उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. जंतुनाशक म्हणून.

११ एप्रिल.
चावडीवर प्रयोग. पंचांमध्ये शंकरप्पा, शिवाय दगडोबा कोतवाल आणि निम्मं गाव. दोन बाटल्या. एकीत खोबरेल, दुसरीत जवसाचं तेल. दोन्हींत पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात ते लाल औषध पाण्यात विरघळवून ओतलं, चिमूटभर सोडा टाकला, हलवलं. खोबरेलाच्या बाटलीतला जांभळा रंग तसाच. जवसाच्या बाटलीतला बघता बघता गेला, तळाशी तपकिरी गाळ. ज्याला डबल बॉन्ड आहे तो औषधातला ऑक्सिजन खातो. चोख पुरावा.
पुढे बसलेली माणसं मागे सरकली. शास्त्राचा धाक असाच असतो. दगडोबा तेवढा पुटपुटला की विहिरीत टाकलेला रंग चार दिस जात न्हाय, बाईनं मुठीत धरून जिरवला. शंकरप्पांनी उठताना मला वाट दिली, चांगली सहा हात.
प्रयोग यशस्वी.

१३ एप्रिल.
पटावर ३८ मुली. हजर ११. आंब्याला पाड लागला असेल.

१४ एप्रिल.
हजर २. त्याही दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. नागम्मा समोरून आली की पदर नाकाला लावते आणि भिंतीला चिकटते. आदर वाढला आहे. संध्याकाळी माझ्या दाराबाहेर हळदकुंकू लावलेले बिब्बे सापडले. मुलांचा चावटपणा.
लिंबू वाळलं. दुसरं ठेवलं.

१५ एप्रिल.
शिवम्माचा भाऊ गुंडाप्पा मुरूमहून दमणी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मांत्रिकाच्या हाती देणार न्हाय, म्हणाला. ती अंगावरच्या लुगड्यानिशी गेली. पेटी नागम्मानं दिली नाही, गोठ्यातच ठेवली. निघताना शिवम्मानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं की पंचांचं मत बदलतं आहे. बैल चालू लागले होते.
आता सगळे म्हणतात, गेली म्हणजे तीच होती.

१७ एप्रिल, शनिवार.
मांत्रिक आला. शिवम्मा गेल्याचं कळलं तरी परतला नाही. माझ्या दारापासून दहा पावलांवर उभा राहून दगडोबाशी हळू बोलत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. माझे दात या वयातही बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. दार लावून घेतलं. फुफाटा फार उडत होता.

१८ एप्रिल.
मुआयना परवावर आला. शाळेत कुणी नाही, पण बाकं तयार हवीत. स्वतः पुसली. तेलाच्या चिंध्या पसरून वाळवायच्या, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण मुआयन्याआधी अंगणात चिंध्या दिसणं बरं नव्हे. घड्या घालून माझ्या खोलीतल्या पेटीत दाबून बसवल्या. फक्त उद्यापुरत्या.

१९ एप्रिल, दुपारी २.
लाकूड वाजतं म्हणून उठले. पेटीच्या फटीतून धूर येत होता, थांबून थांबून, आत कुणी श्वास घेत असल्यासारखा. हात लावला. पेटी अंगात ताप असल्यासारखी गरम. बाई, तुमी सांगितलं तसंच केलं म्या, असं कुणीतरी मागून स्पष्ट म्हणालं. मागे कुणी नव्हतं. झाकण उघडलं आणि भडका उडाला. पदर जळला. घागर ओतली.
शिवम्मा चार दिवसांपासून मुरूमला आहे. खोलीला आतून कडी होती. घड्या माझ्या.

संध्याकाळी.
दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. सिद्रामप्पा, नागम्मा, दगडोबा धुराकडे बघत उभे होते. कुणी आत आलं नाही. कुणी काही विचारलं नाही.

२० एप्रिल.
मुआयना रद्द. कारण कळवलेलं नाही.
निवेदन लिहून काढलं. अकरा पानं. ऑलिफीनची रचना, गुणधर्म, जवसाच्या तेलाचं वाळणं, उष्णता, आकृत्या दोन. नवव्या पानावर 'चिंध्या कोंबून ठेवल्या गेल्या' असं लिहिलं आहे. शास्त्रात करणाऱ्याचं नाव लागत नाही.
निवेदन सिद्रामप्पांना द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. उंबऱ्यावर ठेवा म्हणाले. मुरूमला जाऊन शिवम्मालाच द्यावं असं ठरवलं. ती भाऊबंदांना दाखवील आणि तिचं नाव स्वच्छ होईल. गोठ्यातली तिची पेटी मी उचलली. कुणी अडवलं नाही. मी गेले तिथून माणसं बाजूला होत गेली.

२२ एप्रिल, गुरुवार. मुरूम.
गुंडाप्पाच्या ओसरीवर सगळी अकरा पानं वाचून दाखवली. दोन तास लागले. आठ-दहा माणसं होती. गुंडाप्पा शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, बाई, लई शिकलेलं हाय. पर ह्यात आमची शिवम्मा कुठं हाय?
मी पानं चाळली. कुठंच नव्हती.
शिवम्मा खांबाशी बसली होती. म्हणाली, एकच वळ लिवा बाई. कुणी सांगितलं ते.
मी म्हटलं, तेवढ्यानं आग का लागली ते कळणार नाही. ती म्हणाली, आग का लागली ते मला कुणी इचारलंच न्हाय.
लिहिलं. गुंडाप्पानं मोठ्यानं वाचलं. ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला, हे आदीच सांगितलं असतं तर मिटलं नसतं का?
परत चल म्हटलं. शिवम्मानं मान हलवली. नाही.

शिवम्मा हिला आज दिलं ते असं: पत्र्याची पेटी एक. आत लुगडी दोन, फणी एक. कागद एक. कागदावरचा मजकूर: 'तेलाच्या चिंध्या घडी घालून दाबून ठेवायला शिवम्माला मी सांगितलं. तिनं सांगितलं तसंच केलं.' खाली माझी सही, तारीख.
घेणारीचा डाव्या हाताचा अंगठा.
अकरा पानं मला परत मिळाली.