फोटोची शिकवणी

ता. ३ जून

चि. चिमणीस,
आईचे अनेक आशीर्वाद. पार्सल गेल्या आठवड्यातच पोचलं. गोळ्या, लोकरी मोजे, तुझा फोटो, सगळं धड आहे. तिकिटं कमी लावली होतीस, वरचे वीस मला भरावे लागले. नर्स झालीस तरी हिशेब कच्चाच!

आजारपणानंतर बाबांच्या डोक्यात नवीन काही टिकत नाही, जुन्या ओळखीही पुसट झाल्यात. कुलूप अजून डोळे मिटून उघडतात, किल्ल्या घडवणारे हात काही विसरले नाहीत. पण मागे तू आलीस तेव्हा तुला बाई म्हणाले, ते तुझ्या जिवाला लागलं, मला ठाऊक आहे. म्हणून रोज दुपारी तुझा फोटो समोर धरून घोकून घेते, ही आपली लेक. म्हणतातही. मन भरकटू नये म्हणून लगेच नामस्मरणाला बसवते. संध्याकाळी पाटी कोरी. माझ्याच भक्तीत खोट असेल का गं?

तुझी,
आई

ता. ११ जून

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वीसचा दंड कबूल! वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिकलेलं मुरायला निवांतपणा लागतो. विसाव्यात, झोपेत मेंदू ते निवडतो आणि जुन्या आठवणींशेजारी नेऊन लावतो. विरजण लावल्यावर तू आम्हाला भांड्याला हात लावू द्यायची नाहीस ना? तसंच. फोटो दाखव आणि बाबांना पडू दे. देव थांबेल. खात्री कुणीच देत नाही, आई. पुढच्या महिन्यात येते. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
चिमणी

ता. २६ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. फोटो दाखवते, नाम मनातल्या मनात घेते आणि त्यांचा डोळा लागेपर्यंत बसून राहते. इतकी गप्प, की शेजारीण आजारी आहेस का म्हणून बघून गेली.

काल उठले ते आपणहून म्हणाले, फोटोतली माझी लेक, लहानपणी माझ्या किल्ल्या चावायची. हे मी शिकवलं नव्हतं गं! झोपेत त्यांनी तुला बरोबर तुझ्या जागी नेऊन बसवलं. मी देवापुढे डोकं टेकून आले.

परत आले तर अदबीनं माझ्यासाठी खुर्ची सरकवली. म्हणाले, बाई, तुम्ही आमच्यासाठी रोज इतका वेळ बसता. लेक येईल तेव्हा तिची आईही येणार आहे का?

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तुझ्याकडे माझा एखादा फोटो असेल, केस काळे असतानाचा. तो पाठव. तिकिटं पुरती लाव. आणि असला-नसला तरी उलट टपाली कळव.

तुझी,
आई