तिसरी फेज

मंगळवार, अकरा तारीख

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघी, सासूबाई आणि मी, बऱ्या आहोत.

आधी चांगली बातमी. यांचं धातू कातायचं लेथ घरात चालू झालं. यांच्या कामाची शेड सोडताना सगळे म्हणत होते, भंगारात दे, थ्री-फेजचं मशीन घरातल्या विजेवर ढिम्म हलायचं नाही. पहिल्या दिवशी झालंही तसंच. बटण दाबलं तर मोटर नुसती गुरगुरत बसली.

मग वायरमनने दुसरी एक जुनी थ्री-फेज मोटर आणून मागच्या खोलीत जमिनीला आवळून टाकली. तिला पट्टा नाही, काम नाही. दोरीचा झटका देऊन तिला फिरवायची, फिरू लागली की वीज द्यायची. "घरात दोनच वायरी येतात, वहिनी," तो म्हणाला. "तिसरी फेज ही बनवते. ही रिकामी फिरत राहिली की तुमचं लेथ चालणार." आणि चालतं गं! सुरू करताना घरातले दिवे जरा मंदावतात, तेवढंच. पंपवाल्याला पंपात बसायची पितळी बुशिंगं मी करून दिली, त्याने नाव ठेवायला जागा शोधली, सापडली नाही.

आता सासूबाईंचं. तू खोदून विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. मशीन सुरू झाल्यापासून त्या दुपारी तीन ताटं वाढतात. तिसरं यांच्या जागेवर, पाण्याचा पेला उजवीकडे. हे जाऊन वर्ष होत आलं, ताई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते उचलायला हात पुढे केला. मग तसाच मागे घेतला. आवाज ऐकून मुलगा मागच्या खोलीत आहे असं वाटत असेल त्यांना, तर वाटू दे. काम नसलं तरी मी मशीन चालू ठेवू लागले.

वायरमनने एकदा हटकलंच. "वहिनी, कातायला जॉब लावलेला नाही, मग चालवताय कशाला?"

"आईंसाठी," मी म्हटलं.

काल दुपारी वीज गेली. लेथ लगेच थांबलं. ती रिकामी मोटर मात्र बराच वेळ घरघरत राहिली. वळून बघते तर सासूबाई दारात. त्या घाबरल्या असतील म्हणून मी म्हटलं, "लाइट गेलेत, आई. हे येतील आत्ता."

दिवे येतील असं म्हणायचं होतं मला.

"कोण येतील?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "तो गेला, बाळा. मी त्याची आई, मला ठाऊक नाही होय?"

"मग ताट?"

"मशीन सुरू झालं की तू त्याच्याशी बोलतेस. ते चाललं त्या पहिल्याच दिवशी म्हणालीस, चला, जेवून घ्या. मी काय करणार? वाढलं."

ताई, मला काही म्हणजे काही आठवत नाही. काम करताना मी ओठ मिटून असते, अशी माझी समजूत. पण घसा कोरडा पडला होता, खूप बोलल्यावर पडतो तसा.

"मी काय बोलते?"

"काहीतरी विचारतेस. मग थांबतेस. मग हसतेस."

वीज आली. दोरीला हात लावायचं धाडस होईना. सासूबाईंनी स्टूल ओढून घेतलं, दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "लाव." मी लावलं. दात आवळून काम करत राहिले. शेवटी सासूबाईच मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "बोल की गं. तो कसा आहे ते मलाही कळू दे."

मग मी विचारलं. आणि थांबले.

पुढचं तुला लिहीत नाही. लेथ विकून तुझ्याकडे यायचं म्हणतेस, तेही इतक्यात नको. घर तिघांचं आहे, असं एकाएकी मोडता येत नाही.

तुझी धाकटी,
आणि अजूनही यांची